गायी अमान्य

वकिली सोडून दुधाच्या कंपनीची मुख्य कार्यकारी अधिकारी कशी झालात, असं मला अजून विचारतात. विचारणाऱ्याला वाटतं, यामागे काहीतरी योजना असणार. योजना माझ्याकडे असतात, हे खरं. सकाळी चहाच्या आधी दिवसाची यादी, रविवारी आठवड्याची, आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली वर्षाची. पण दूध त्यातल्या कुठल्याच यादीत नव्हतं. त्या वर्षीच्या यादीत गुडघा डॉक्टरांना दाखवणे, गच्चीवरची टाकी बदलणे आणि जुन्या फायली निकालात काढणे एवढं होतं. त्यातलं टाकीचं तेवढं झालं.

श्रीरामपूरच्या कोर्टात मी वीस वर्षं दिवाणी कामं केली. बांध, वहिवाट, वाटप, पाईपलाईन. माणसं बदलायची, बांध तोच असायचा. चेअरमनसाहेबांची आणि माझी पहिली भेट तिथेच, साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी झाली. पिंजऱ्यात ते होते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बैलांचा व्यापार करता करता त्यांनी दूध गोळा करायला सुरुवात केली, त्याची कंपनी झाली, आणि कंपनी झाली म्हटल्यावर दावेही झाले. मी समोरच्या पक्षाची वकील होते. दोन तास मी त्यांची उलटतपासणी घेतली. जेवणाच्या सुट्टीत ते चहाच्या टपरीवर माझ्याकडे चालत आले, तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार.

“वकीलबाई,” ते म्हणाले, “चाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या बैलाचे दात मोजले. आज पयल्यांदा कुनीतरी माझे मोजले.”

चहाही त्यांनीच पाजला. तो दावा ते हरले आणि चार महिन्यांनी आमच्या घरी आले. त्यांच्या कंपनीत पुण्याचा एक मोठ्या पदवीचा साहेब होता. त्याने कंपनी समजून घ्यायला एक वर्ष घेतलं, आणि समजल्याबरोबर राजीनामा दिला. आता ती खुर्ची मी घ्यावी, असं चेअरमनसाहेबांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, मला दुधातलं काही कळत नाही. ते म्हणाले, दुधातलं कळणारी शंभर माणसं आहेत, कागदातलं कळणारं एकही नाही.

पगाराचं बोलणं जरा वेगळ्या रीतीने झालं. घोडेगावच्या बाजारात सौदा तोंडाने होत नाही. उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. चेअरमनसाहेबांनी सवयीने खांद्यावरचं उपरणं काढलं, माझ्याकडे बघितलं, बाईमाणसाचा हात कसा धरायचा म्हणून थबकले, आणि शेजारी बसलेल्या माझ्या यजमानांचा हात उपरण्याखाली ओढला. यजमान कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांना बाजारातलं काही कळत नाही आणि गुदगुल्या फार होतात. त्यांनी दोनदा हात झटकला. दोन्ही वेळा चेअरमनसाहेबांना वाटलं, भाव पटला नाही, आणि त्यांनी बोटं वाढवली. तिसऱ्यांदा यजमानांनी हसू दाबायला मान खाली घातली, तो होकार ठरला. वीस वर्षांच्या वकिलीत माझी फी एवढ्या कौशल्याने कुणी वाढवून घेतली नव्हती.

पूर्णवेळ पगारी नोकरी धरायची तर वकिलाला सनद स्थगित करावी लागते. तो अर्ज मी केला. पुन्हा अर्ज केला की ती परत चालू करता येते, हेही मी चेअरमनसाहेबांच्या कानावर घातलं. त्यांना ते आवडलं. “सहा म्हैने बगू,” ते म्हणाले. “जमलं तर ऱ्हावा. न्हाई जमलं तर कोट हायेच की तुमचा.” म्हणून काळा कोट मी ऑफिसच्या दारामागे खिळ्याला अडकवून ठेवला.

ऑफिस श्रीरामपूर-नेवासा रस्त्यावर, दूध थंड करायच्या केंद्राच्या वरच्या मजल्यावर. गावोगावचं दूध सकाळ-संध्याकाळ टेम्पोने तिथे येतं. प्रत्येक घराचा कॅन वेगळा आणि त्यावर त्या घराचा नंबर, ही चेअरमनसाहेबांच्या पहिल्या दिवसांपासूनची पद्धत. येताना मी कोर्टातले टायपिस्ट काका सोबत आणले. काका माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून त्यांनी इतके दावे टाईप केले होते, की माझे काही पक्षकार आधी त्यांचा सल्ला घेत आणि मग माझ्याकडे येत.

पहिल्या महिन्यात मी झपाट्याने कामं उरकली. फायलींना नंबर दिले. आलेल्या प्रत्येक कागदावर त्याच दिवशी शेरा मारायचा, असा नियम केला. कोर्टात अर्ज आला की त्यावर पहिला शेरा पडतो, ‘इतरांनी म्हणणे द्यावे’. माझा हात त्यालाच सरावलेला होता. आणि दूध टेम्पोत चढवताना कुठेच पावती होत नाही, हे कळल्यावर मी एक छापील पावती तयार केली. प्रत्येक कॅनला एक पावती. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, वेळ, आणि दोन साक्षीदार. साक्षीदार देणाऱ्याच्या नात्यातले नसावेत, हे वाक्य मी मुद्दाम घातलं, कारण नात्यातल्या साक्षीदाराची उलटतपासणीत काय गत होते ते मी वीस वर्षं बघितलं होतं. ही पावती म्हणजे माझं कंपनीतलं पहिलं मोठं काम. यादीत मी त्याच्यापुढे लाल पेनाने खूण केली.

तिसऱ्या महिन्यात घोडेगावच्या अलीकडच्या एका गावाचा अर्ज आला. खाली सगळ्या दूध उत्पादकांच्या सह्या आणि अंगठे होते. अक्षर गावातल्या निवृत्त गुरुजींचं, मोत्यासारखं. आणि गुरुजींनी मजकुराला क्रमांक घातले होते. परिच्छेद एक ते नऊ.

ते क्रमांक नसते, तर पुढचं काही झालं नसतं. क्रमांक घातलेले परिच्छेद दिसले की दिवाणी वकिलाचं डोकं आपोआप एका दिशेने चालायला लागतं. माझ्या सीनियरांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की जे नाकारलं नाही ते मान्य केलं असं धरतात. म्हणून आधी सगळं नाकारायचं, मग वाचायचं. दाव्याला उत्तर म्हणून कैफियत लिहायची ती अशी, परिच्छेदामागून परिच्छेद. मी काकांना बोलावलं आणि उभ्या उभ्या मजकूर सांगितला. चाळीस मिनिटांत झालं.

गुरुजींनी पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं, की कंपनी सुरू झाल्यापासून आमचं गाव आपल्याला दूध घालत आहे. मी उत्तर दिलं, ‘सदर मजकूर खरा नसून तो कंपनीस मान्य व कबूल नाही.’ दुसऱ्यात ते म्हणत होते, आम्ही कंपनी घरची समजतो. मी घरोबा नाकारला. तिसऱ्यात होतं, आमच्या गावात माणसांपेक्षा गायी जास्त. मी लिहिलं, ‘सदर गावात गायी असल्याबाबतचा मजकूर माहितीअभावी मान्य नाही. तो शाबित करण्याची जबाबदारी अर्जदारांवर आहे.’

खरी तक्रार पाचव्या परिच्छेदात होती. दीड महिन्यापासून टेम्पो गावातून उशिरा निघतो, ऊन चढतं, आणि केंद्रावर पोचेपर्यंत काही कॅन आंबट ठरून परत येतात. सहाव्यात एका आजींचा उल्लेख होता. त्यांची एकच गाय, आणि त्यांचा कॅन चार वेळा परत आला होता. दोन्ही परिच्छेदांना मी ठरलेलं वाक्य लावलं, ‘मजकूर खोटा, खोडसाळ व लबाडीचा असून मान्य नाही.’ आठव्यात टेम्पोचा ड्रायव्हर सज्जन आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही, असं होतं. तेही मी नाकारलं. नवव्यात नव्या बाईंची प्रकृती उत्तम राहो आणि त्यांनी एकदा गावात चहाला यावं, अशी इच्छा व्यक्त केली होती. त्याला उत्तर, ‘मुख्य कार्यकारी अधिकारी यांची प्रकृती हा प्रस्तुत वादाचा मुद्दा नाही. चहाबाबतचा मजकूर निव्वळ सहानुभूती मिळवण्यासाठी घातलेला आहे.’

“बाई, मुदतीचा मुद्दा राहिला,” काका म्हणाले. अर्ज मुदतबाह्य आहे, हेही घातलं. शेवटी त्यांनी न सांगता स्वतःच टाईप केलं, ‘सबब अर्ज खर्चासह नामंजूर व्हावा.’ मी सही केली आणि यादीतल्या अकराव्या कामावर खूण केली.

चौथ्या दिवशी सकाळी त्या रस्त्याचा टेम्पो आला, तो त्या गावाच्या कॅनविना. ड्रायव्हर वर येऊन दारातच उभा राहिला. मी विचारलं, दूध कुठे आहे.

“न्हाई दिलं, म्याडम. गुरुजींनी हात जोडले. म्हनले, कंपनीच्या पत्राप्रमाणं आमच्या गावात गायीच नाहीत, तर दूध कुठून येणार.”

माझं उत्तर आदल्या दिवशी गावातल्या संकलन केंद्रावर मोठ्याने वाचून दाखवलं गेलं होतं. रांगेतल्या लोकांनी तिसरा परिच्छेद दोनदा वाचायला लावला, असंही ड्रायव्हरने सांगितलं.

चेअरमनसाहेबांनी बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. आधी मला बसायला सांगितलं, मग चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत खिडकीतून खाली रिकाम्या टेम्पोकडे बघत राहिले.

“वकीलबाई, गायी गेल्या कुटं?”

मी समजावायला लागले की ही उत्तर द्यायची रीतच आहे, नाकारलं नाही तर मान्य केल्यासारखं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग सांगितलं, की दुसऱ्या डेअरीचा माणूस काल त्या गावात चहा पिताना दिसला. ते गाव गेलं की त्या रस्त्यावरची आणखी चार गावं जातील, कारण सगळी एकमेकांच्या सोयऱ्यांची. “सहा म्हैन्याचं बोलनं हाय आपलं,” ते म्हणाले. “ते गाव माघारी आलं तर पुढचं बोलू. न्हाई आलं, तर तुमी बी मोकळ्या, मी बी मोकळा.” मी उठले, तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं. “बाजारात गिऱ्हाईक जनावराला चार नावं ठेवतं. पोट सुटलंय, पाय फेंगडा हाय. मालकाला कुनी नाव ठेवत न्हाई. मालकाला ठेवलं की सौदा मोडला.”

मला त्यातलं तेव्हा काही कळलं नाही. मी कोणाला नावं ठेवली होती?

दुपारीच मी काकांना घेऊन गावात गेले. काकांनी अर्जाच्या आणि उत्तराच्या तीन-तीन प्रती बरोबर घेतल्या. शाळेसमोरच्या मैदानात गाडी शिरेना. मैदानभर गायी बांधल्या होत्या. खुंट्यांना, झाडाला, शाळेच्या कुंपणाला, बंद पडलेल्या ट्रॅक्टरला. प्रत्येक गायीजवळ तिचा मालक. मध्ये शाळेतलं एक टेबल, मागे गुरुजी, आणि टेबलावर माझं पत्र, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर तांब्या ठेवलेला.

“या,” गुरुजी म्हणाले. “चहा तयार आहे. आपल्याला मान्य असेल तर.”

मी चहा घेतला. सगळं गाव मला चहा पिताना बघत होतं. कप खाली ठेवल्यावर गुरुजींनी पत्र उचललं आणि म्हणाले, की गायी असल्याचं शाबित करण्याची जबाबदारी आपण आमच्यावर टाकली आहे, तेव्हा आता आपण प्रत्यक्ष पाहून घ्यावं. त्यांनी पहिल्या गायीकडे बोट केलं. “निशाणी एक.”

कोर्टात पुराव्याच्या कागदाला निशाणी म्हणतात. गुरुजींना ते माहीत असणार, हे मला त्यांचं अक्षर पाहूनच कळायला हवं होतं. मी म्हणाले, मान्य. निशाणी दोन. मान्य. काकांनी सवयीने खिशातून पेन काढून यादी करायला घेतली. पाचव्या का सहाव्या नंबरला एक म्हैस आली. गुरुजी म्हणाले, “ती म्हैस आहे. म्हशींबद्दल वाद नाही,” आणि तिला पुढे नेलं. विसाव्या गायीच्या आसपास एका गायीने माझ्या साडीचा पदर तोंडात घेतला. तो सोडवताना मी हसले, मग मालक हसला, आणि मग सगळं मैदान हसलं. मला वाटलं, संपलं. हसलं की मिटलं, असा माझा अनुभव होता.

सगळ्यात शेवटी एक आजी पुढे आल्या. काळी-पांढरी गाय, पाचव्या महिन्याची गाभण, दोरी आजींच्या मनगटाला गुंडाळलेली. त्या हसत नव्हत्या.

“बाई, तुमच्या कागदात मला लबाड लिवलंय.”

मी म्हणाले, आजी, ती कोर्टाची भाषा असते. सगळ्यांनाच तसं लिहितात. त्याचा तसा काही अर्थ नसतो.

“आमी कोर्टात कुटं गेल्तो?” आजी म्हणाल्या. “आमी तुमच्याकडं आल्तो.”

काकांचं पेन थांबलं. वीस वर्षं मी शेकडो माणसांना कागदावर खोटं आणि लबाड म्हटलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही, कारण समोरचा वकीलही माझ्या पक्षकाराला तेच म्हणत असे, आणि मग आम्ही दोघं एकाच टपरीवर चहा पीत असू. या आजींच्या बाजूने कुणी वकील नव्हता. त्यांनी माझं वाक्य जसं लिहिलं होतं तसंच वाचून घेतलं होतं. चार वेळा दूध परत आलं, ते त्यांनी कुत्र्याला घातलं, आणि वर कंपनीच्या शिक्क्यानिशी लबाड ठरल्या. चेअरमनसाहेब बाजारातलं काय सांगत होते, ते मला तेव्हा कळलं.

मी आजींची माफी मागितली. लबाड हा शब्द मागे घेते, म्हणाले. पण पाचव्या परिच्छेदाशी मी अडलेच. टेम्पो उशिरा निघतो, हे मान्य करायला माझी जीभ रेटेना, कारण ऑफिसपासून टेम्पो सुटण्याची वही मी स्वतः तपासत होते आणि ती बिनचूक होती. मी म्हणाले, चौकशी करून कळवते.

“म्हंजी तारीख,” आजी म्हणाल्या.

यावर जो हशा झाला, त्यात मी नव्हते. गुरुजींनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि तोडगा सुचवला. गाव उद्याच्या एका सकाळचं दूध देईल. त्या टेम्पोत बाईंनी स्वतः बसून यावं आणि काय वेळ होतो तो आपल्या हाताने लिहावा. जे दिसेल ते मान्य करावं. मग गाव ठरवेल.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरशेजारी बसले. मांडीवर वही, हातात घड्याळ. टेम्पो ऑफिसपासून ठरल्या वेळी सुटला. वाटेत कुठे थांबला नाही, चहालासुद्धा नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही गावातल्या संकलन केंद्रावर होतो, अगदी वेळेवर. कॅन ओळीने लागलेले होते. पहिला कॅन आजींचा. त्या साडेपाचलाच येऊन बसतात. मी वहीत लिहिलं, टेम्पो वेळेवर, आणि मनातल्या मनात जरा सावरून बसले.

ड्रायव्हर खाली उतरला. त्याने पावत्यांचा गठ्ठा काढला, देणाऱ्यांच्या सह्या घेतल्या, स्वतःच्या केल्या. मग तो केंद्राच्या ओट्यावर बसला. बाकीचेही बसले. कुणी तंबाखू मळायला लागलं. दहा मिनिटं गेली. मी खाली उतरून विचारलं, आता कशासाठी थांबलोय?

“साक्षीदार, म्याडम.”

गाव एका भावकीचं. जे भावकीतले नाहीत ते सोयरे आणि जे सोयरे नाहीत ते भाच्यांचे सासरे. कुणाच्याच नात्यात नसलेली माणसं सगळ्या गावात दोन. एक सलूनवाला आणि दुसरा अकोल्याकडून येऊन इथे दुकान टाकलेला टेलर. दोघं बाहेरून येतात आणि साडेसातला दुकानं उघडतात. तोपर्यंत टेम्पो हलवायचा नाही, असा वरून आलेला छापील हुकूम होता. खाली सही माझी होती.

साडेसातला टेलर आला. त्याने गळ्यात टेप अडकवूनच सह्या केल्या. सलूनवाल्याला पहिलंच गिऱ्हाईक लागलं होतं. तो अर्धी दाढी झालेल्या माणसाला खुर्चीत ठेवून आला, हाताला फेस तसाच. माझ्या पावत्यांवर अधूनमधून पांढरे डाग का असतात, हे कोडं मला दीड महिना होतं. आठ वाजत आले तेव्हा ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं, आणि सगळ्यात आधी आलेला आजींचा कॅन सगळ्यात जास्त वेळ उन्हात होता.

ड्रायव्हरला मी विचारलं, हे कळवलं का नाहीस. त्याने टेम्पोतून एक घडी घातलेला कागद काढला. त्याचा अर्ज. साक्षीदारांमुळे दूध तापतं, काय करावं, अशा दोन ओळी. वर माझ्याच लाल पेनाने शेरा होता, ‘इतरांनी म्हणणे द्यावे.’ तो दीड महिना इतरांच्या म्हणण्याची वाट बघत होता.

मी आजींपाशी गेले. उभ्याने बोलणं बरं वाटेना, म्हणून त्यांच्या कॅनशेजारी ओट्यावर बसले.

“आजी, टेम्पो वेळेवर येत होता. उशीर मी करत होते.”

“मग आदी का न्हाई बोललात?”

“माहीत नव्हतं.”

“आन् खोटं हाय म्हनून लिवताना म्हाईत हुतं?”

कोर्टात असा प्रश्न आला की आपण कागद चाळतो. इथे चाळायला कागद नव्हता. मी टेम्पोच्या बॉनेटवर कोऱ्या पावत्यांचा गठ्ठा ठेवला आणि साक्षीदारांचे दोन्ही रकाने एकेका पावतीवरून आडवी रेघ मारून रद्द केले. गुरुजींनी मध्येच सुचवलं, की उरलेल्या पावत्यांवर रेघ मारायला मुलांकडची पट्टी मागवतो, रेघा वाकड्या येताहेत. ड्रायव्हरने तेवढ्यात कॅन चढवले. निघताना आजींनी स्वतःचा कॅन सावलीच्या बाजूला आहे ना, ते टेम्पोत वाकून बघितलं.

ऊन चढलं होतं, पण ड्रायव्हरने टेम्पो दामटला आणि त्या दिवशी एकही कॅन परत गेला नाही.

ऑफिसात आल्यावर मी काकांना म्हटलं, नवीन उत्तर लिहायचंय, परिच्छेदवार. काका खूश झाले. परिच्छेद एक, मान्य. दोन, मान्य. तीन, गायी समक्ष पाहिल्या, मान्य. पाचव्याला मी सगळी हकिगत सांगितली आणि चूक कंपनीची व व्यक्तिशः माझी, असं घातलं. सहाव्याला आजींचं म्हणणं अक्षरशः खरं असून कंपनीने वापरलेल्या शब्दांबद्दल क्षमा मागत आहे, असं. आठव्यात ड्रायव्हर सज्जन. नवव्यात प्रकृती ठीक आहे, गुडघा सोडून, आणि चहा घेतला, चांगला होता.

काकांनी टाईप करता करता हात थांबवला. “बाई, सगळंच मान्य? मग आपल्याकडे राहिलं काय?”

“दूध,” मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी निदान ‘हक्क अबाधित ठेवून’ एवढं तरी घालू द्या, अशी विनंती केली. मी घालू दिलं नाही.

हे उत्तरही केंद्रावर वाचलं गेलं. आजींनी ड्रायव्हरला आपला परिच्छेद बोटाने दाखवायला लावला, आणि गुरुजींकडून तेवढं पान मागून घेऊन घरी नेलं. दुसऱ्या दिवसापासून गावाचं दूध नेहमीसारखं यायला लागलं. दुसऱ्या डेअरीचा माणूस आणखी दोनदा येऊन चहा पिऊन गेला म्हणे. चेअरमनसाहेबांनी माझ्या उत्तराची प्रत मागवून वाचली. मान्य, मान्य असं पुटपुटत खालपर्यंत आले आणि म्हणाले, “एवढं मान्य तुमी कोर्टात कदी केलं अस्तं, तर माजा दावा वाचला अस्ता.”

सहा महिने पुरे झाले तेव्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही यादीत ते काम लिहिलं नाही. कोट मध्यंतरी धुवायला टाकला होता, तो आणायचा राहिला आहे. ते मात्र यादीत आहे.

सातव्या महिन्यात एका सकाळी ड्रायव्हर वर आला, तो हातात स्टीलचा डबा घेऊन. आजींची गाय व्यायली होती. डब्यात खरवस होता, वेलदोडा घातलेला, अजून कोमट. मी झाकण उघडणार, तोच त्याने डबा मागे घेतला आणि खिशातून एक कागद काढला. माझी जुनी छापील पावती, रेघ न मारलेली. आजींनी कुठेतरी जपून ठेवलेली. देणाऱ्याच्या जागी त्यांचा अंगठा होता.

“आजींचा निरोप हाय,” तो म्हणाला. “म्हनल्या, बाईंची सही घ्यायची, आन् दोन साक्षीदारांची. नात्यातले नकोत. त्याबिगर डबा सोडू नकोस.”

मी सही केली. यजमान नेमके मला सोडायला आले होते आणि खुर्चीत बसून डब्याकडे बघत होते, पण ते नात्यातले, म्हणून बाद. पहिली सही काकांनी केली, तारीख-वेळ घालून, व्यवस्थित. दुसऱ्या सहीसाठी कागद चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये नेला. त्यांनी अख्खी पावती वाचली, पेन उघडलं आणि विचारलं, की सही करायची तर आधी माल बघायला नको का. म्हणून डबा त्यांच्यासमोर उघडावा लागला. सही झाली तेव्हा डबा अर्धा झाला होता.